लात्व्हियाने केलेली शब्दांची निवड

बाल्टिक समुद्राकाठच्या लात्व्हियाची लोकसंख्या 19 लाखांच्याही आत आहे. 1997 मध्ये, युरोपीय संघात जाण्याच्या तयारीचा भाग म्हणून, या देशाने भाषांतर आणि परिभाषा यांसाठी एक सरकारी केंद्र उभे केले. कचरा, हवा, पाणी, कामगारांचे हक्क, स्त्री-पुरुष समानता अशा विषयांवरचे संघाचे कायदे लात्व्हियन भाषेत आणायचे होते आणि त्यांतल्या कित्येक कल्पनांना त्या भाषेत शब्दच नव्हते. एवढ्याशा भाषेसाठी हा खटाटोप कशाला, इंग्रजी शब्द जसेच्या तसे घ्यावेत, अशी शंका कोणालाही येईल. मला मात्र हा खटाटोप लोकशाहीच्या मुळाशी असलेला वाटतो. इंग्रजीत संदिग्ध राहिलेली कल्पना दुसऱ्या भाषेत नेताना तिचा नेमका अर्थ ठरवावा लागतो, आणि त्या अर्थावर लोकांची कर्तव्ये आणि हक्क अवलंबून असतात.

'सस्टेनेबल डेव्हलपमेंट' हेच घ्या. 1987 च्या ब्रुंटलंड अहवालानंतर हा शब्दप्रयोग जगभर पसरला. लात्व्हियनमध्ये 'समतोल विकास' अशा अर्थाचे शब्दही काही काळ चालले. पुढे 'इल्ग्तस्पेया' रूढ झाला. 'इल्ग्त' म्हणजे टिकणे आणि 'स्पेया' म्हणजे क्षमता. समतोल म्हटले की आज कोणाच्या वाट्याला काय येते हा प्रश्न पुढे येतो. टिकण्याची क्षमता म्हटले की उद्या काय उरेल हा. इंग्रजी शब्दात दोन्ही प्रश्न गुंडाळलेले राहतात. 2010 मध्ये लात्व्हियाच्या संसदेने 2030 पर्यंतचे विकासाचे दीर्घकालीन धोरण मंजूर केले, त्याच्या नावातच हा शब्द आहे. मराठीने 'शाश्वत' निवडून याहून मोठा दावा केला, कारण शाश्वत म्हणजे कधीही न संपणारे. 'ग्रीनवॉशिंग'च्या बाबतीत तर लात्व्हियन मूळ शब्दापेक्षा सरस ठरली. 'झाल्यमाल्दिनाशाना' म्हणजे सरळसरळ हिरवी दिशाभूल. रंगसफेदीची आडवळणाची उपमा तिथे नाही, कंपनी काय करते ते शब्दच सांगतो.

समित्यांनी घडवलेले शब्द कागदावरच राहतात, हा आक्षेप खरा आहे. युरोसाठी लात्व्हियाच्या परिभाषा आयोगाने सुचवलेला 'एयरा' टिकला नाही. लोक 'एयरो' म्हणतात आणि कायद्यात 'euro' हेच रूप तिरप्या अक्षरांत छापले जाते. पण एक शब्द पडला म्हणून शब्द घडवण्याचे काम फोल ठरत नाही. लोकांनी वापरून पाहिल्यावरच तो निवाडा झाला. इंग्रजी सगळ्यांना येते, हा दुसरा आक्षेप त्याहून लंगडा. 1986 मध्ये दाउगावा नदीवरच्या नियोजित जलविद्युत धरणाविरुद्ध दाइनिस ईवान्स आणि आर्तूर्स स्निप्स यांनी एका साहित्यिक साप्ताहिकात लेख लिहिला, तो लात्व्हियनमध्ये. त्यातून पत्रांचा आणि सह्यांचा लोंढा आला, पुढच्याच वर्षी सोव्हिएत सरकारने प्रकल्प सोडला, आणि 1988 मध्ये स्थापन झालेल्या लोकआघाडीचे पहिले अध्यक्ष हेच ईवान्स झाले. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. एका चेक आयातदाराच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 2007 मध्ये ठरवले की, संघाचा नियम एखाद्या देशाच्या भाषेत राजपत्रात प्रसिद्ध झाला नसेल, तर तो तिथल्या नागरिकावर लादता येणार नाही.

सर्वांत अवघड ठरला तो 'जेंडर'. लात्व्हियनमध्ये एक शब्द जैविक लिंगासाठी आहे, दुसरा व्याकरणातल्या लिंगासाठी; समाजाने घडवलेल्या भूमिकांसाठी 'सामाजिक लिंग' असा जोडशब्द करावा लागला. मराठीत अभ्यासकांनी 'लिंगभाव' घडवला तो याच अडचणीतून. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारावर लात्व्हियाने 2016 मध्ये सही केली, पण या संकल्पनेवरून वाद पेटला आणि संसदेची मान्यता मिळायला 2023 उजाडले. 2025 मध्ये संसदेने करारातून बाहेर पडण्यासाठी मतदान केले, राष्ट्राध्यक्षांनी तो कायदा परत पाठवला आणि निर्णय लांबणीवर पडला. भाषांतरानेच भांडण लावले, असे यावरून म्हणता येईल. विरोधकांनी शब्दाच्या नवखेपणाचा फायदा उठवला, हे मला मान्य आहे. पण मतभेद मूळ कल्पनेविषयीच होते. परका शब्द ठेवला असता तर ते झाकले गेले असते, आणि ज्या स्त्रियांच्या रक्षणासाठी करार आहे त्यांनाही त्यात काय लिहिले आहे ते कळले नसते.

आपल्याकडे 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत निघाला. दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत आणण्याचा आदेश दिला, म्हणजे मराठीतही. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत देणे 2006 च्या अधिसूचनेनुसार बंधनकारकच आहे. तुमच्या गावात अशी सुनावणी होणार असेल तर तो मराठी सारांश मागून घ्या, आणि त्यातला जो शब्द कळत नाही त्याचा अर्थ सुनावणीत उभे राहून विचारा.