सही करण्यापूर्वी

आमच्या आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली त्या दिवशी मी तिच्याबरोबर तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत होतो. वय असेल बारा-तेरा वर्षांचे. कचेरीच्या ओसरीवर दस्तलेखक आपली पेटी मांडून बसला होता. त्याने मजकुराच्या तळाशी, डाव्या समासात आणि मागच्या पानावर पेन्सिलीने बारीक फुल्या करून ठेवल्या होत्या, आणि त्या फुल्यांवर बोट ठेवीत तो ‘इथं, इथं आणि मागं’ एवढेच म्हणत होता. आत्याने माझ्या वडिलांकडे पाहून “दादा, कुठं करू?” असे विचारले, काय लिहिले आहे, हे विचारले नाही. सह्या आणि अंगठे झाल्यावर बोटाची शाई तिने पदराच्या आतल्या बाजूला पुसली. घरी आल्यावर आईने तिची ओटी भरली, आणि संध्याकाळच्या गाडीने ती सासरी गेली. मजकूर वाचून दाखविला असता तरी तिने सही केलीच असती, असे वडील पुढे अनेकदा म्हणत, आणि ते खरेही असेल. परंतु तो तिला वाचून दाखविला नव्हता, हेही तितकेच खरे आहे, आणि त्या दिवशी लाभ झालेल्यांच्या घरात मी वाढलो, ही गोष्ट मला आजही विसरता येत नाही.

आपल्याकडे सही ही पुष्कळदा भिडेखातर केली जाते. भावाचा शब्द मोडवत नाही, मित्राला नाही म्हणवत नाही, डॉक्टरांपुढे प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखविणे असे वाटते, आणि मागे रांग उभी असताना चार पाने वाचत बसणे तर असभ्यपणाचेच भासते. कायद्याला ही भीड दिसत नाही. त्याच्या लेखी सही म्हणजे मजकूर वाचून, समजून दिलेली कबुली; ती फसवणुकीने, दबावाने अथवा गैरसमजातून घेतली गेली असे मागाहून म्हणता येते, पण ते सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच पडतो. म्हणून सामान्य माणसाच्या अधिकारांपैकी अतिशय मोलाचा अधिकार हा लेखणी टेकविण्यापूर्वीच्या त्या पाच मिनिटांत असतो, असे मला वाटते: वाचण्याचा, विचारण्याचा, न पटलेला मजकूर खोडावयास सांगण्याचा, नक्कल मागण्याचा, आणि ‘उद्या करतो’ असे म्हणून घरी जाण्याचा.

हक्कसोडपत्राचेच पाहा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या पुरुषाच्या मिळकतीत त्याची पत्नी, आई, मुलगे आणि मुली यांना समान वाटा दिला. त्यातील आईचा वाटा तर सुशिक्षित घरांतूनही विसरला जातो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, केंद्राने ती २००५ साली व्यापक केली, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. बहिणीने आपला हिस्सा सोडू नये असे कायदा म्हणत नाही. माहेरचे दार उघडे राहावे म्हणून ती तो स्वखुशीने सोडीत असेल, तर तो तिचा विचार आहे. मात्र नोंदणी झालेले हक्कसोडपत्र एकतर्फी मागे घेता येत नाही. ते रद्द करून घ्यावयाचे तर दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि फसवणूक उमगल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. सातबाऱ्यावरील फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, ती नोंद मुख्यतः महसुलासाठी असते. म्हणून ‘नाव कमी झाले, आता सगळे संपले’ असे समजून गप्प बसणे जितके चुकीचे, तितकेच ‘तलाठ्याकडची साधी सही आहे’ असे समजून कागद पुढे ढकलणेही चुकीचे. वाचून समजावून देणारे कोणी जवळ नसेल तर तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत साहाय्य मिळते, आणि १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते.

दुसरी सही जामीनकीची. पतसंस्थेतून कर्ज काढणारा सहकारी कर्मचारी दुपारच्या सुटीत अर्ज घेऊन येतो, ‘नावाला सही पाहिजे, हप्ते मीच भरणार’ असे म्हणतो, आणि आपण चहाचा पेला बाजूला सारून सही करतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराची मालमत्ता आधी विकावी आणि मग जामीनदाराकडे यावे, असे बंधन धनकोवर नाही. थकबाकी झाली म्हणजे निबंधकांकडून वसुली दाखला निघतो आणि जो सापडतो, ज्याची नोकरी टिकून आहे, त्याच्या दाराशी तगादा प्रथम येतो. मात्र जामीनदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या गेल्या, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो, ही तरतूदही त्याच कायद्यात आहे; म्हणून जामीनपत्राची नक्कल त्याच दिवशी मागून घ्यावी. सही करून दिलेला कोरा धनादेश तर याहून भयंकर. रक्कम दुसऱ्याने भरली होती, एवढ्यावर सुटका होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे, आणि न वटलेल्या धनादेशाच्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद अथवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कर्ज घेणाऱ्यासाठी अलीकडे एक चांगली सोय झाली आहे: ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांच्या आरंभी बँकेने व्याज, आकार आणि दंड यांचे विवरणपत्र कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत दिले पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. ते मराठीत मागण्यात संकोच करण्याचे काहीच कारण नाही.

परंतु माणूस सर्वांत असहाय असतो तो रुग्णालयाच्या खिडकीपाशी. माझ्या वडिलांना रात्री दाखल केले तेव्हा माझ्या हाती एक छापील पान देण्यात आले. शस्त्रक्रियेच्या नावाची जागा कोरी होती, आणि ‘सर्व धोक्यांची कल्पना दिली आहे’ या ओळीखाली मी सही करावयाची होती. कल्पना कोणीच दिली नव्हती. मी ती सही केली. वडील शेजारच्याच खाटेवर पूर्ण शुद्धीत होते, त्यांना कोणी विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते सुचले नाही. वास्तविक, शुद्धीवर असलेल्या प्रौढ रुग्णाच्या देहाविषयीची संमती त्याची स्वतःची असते, त्याच्या मुलाची नव्हे. दिल्लीतील एका रुग्ण स्त्रीने केवळ दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली असता, ती भुलीच्या अमलाखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले; त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला की, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि जिवाला तात्काळ धोका नसता रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबलेच पाहिजे. आजार काय, उपाय कोणता, त्याला पर्याय काय, धोका कोणता आणि काहीच न केल्यास काय होईल, एवढे डॉक्टरांनी सांगावे, अशी त्या निर्णयाची अपेक्षा आहे. जे चांगले डॉक्टर मी पाहिले, ते हे सारे न विचारताच, खाटेच्या कडेला बसून सांगतात. उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला मिळावेत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. आणि उपचारात हयगय झाली असे वाटल्यास २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही.

इथवर केलेल्या सह्यांविषयी लिहिले. न केलेल्या सह्यांनीही घरे कमी विस्कटलेली नाहीत. बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, ही समजूत इतकी खोल रुजली आहे की ती उपटताना भाऊ भाऊ कज्ज्याला उभे राहतात. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, ती मालक होते असे नाही. बँकेतील ठेवींबाबत हे न्यायालयांनी पूर्वीच सांगितले होते, आणि समभागांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. अपवाद विम्याचा: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा अपत्य यांचे नाव दिले असेल तर रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. ठेवींवर आता चार जणांपर्यंत नावे देता येतात, तरी वारस ठरतो तो मृत्युपत्राने, आणि ते नसेल तर वारसा कायद्याने.

वैद्यकीय इच्छापत्राची कथा मुंबईतून निघते. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षे, तेथेच अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या प्रकरणातील २०११ च्या निर्णयाने सुरू झालेला विचार पुढे गेला, आणि मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरण येऊ देणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग असल्याचे घटनापीठाने मान्य केले. जानेवारी २०२३ पासून रीत सोपी झाली आहे: बरे होण्याची आशा उरली नसता कृत्रिम उपायांनी प्राण रोखून धरू नयेत, असे प्रौढ व्यक्तीने स्वेच्छेने लिहावे, आपल्या वतीने बोलणाऱ्या आप्ताचे नाव द्यावे, दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. वेळ आली असता डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात, मगच ते अमलात येते. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मुलांना जो निर्णय घ्यावा लागतो, त्याचा भार असा कागद पुष्कळ हलका करतो.

मृत्युपत्र याहूनही साधे आहे. मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साधा कागद चालतो, हयातीत कितीदाही बदलता येते. फक्त सही करताना दोन साक्षीदारांनी पाहिलेले असावे आणि त्यांनीही सही केलेली असावी. वडिलांच्या पश्चात आईने आपले मृत्युपत्र करावयाचे ठरविले तेव्हा मसुदा मी लिहिला, आणि जुनी आठवण मनात असल्यामुळे दोघा शेजाऱ्यांना साक्षीसाठी बोलावून, सहीपूर्वी तो सावकाश वाचून दाखविला. शेतातील तिच्या हिश्श्याच्या परिच्छेदापाशी तिने मला थांबविले आणि विचारले, “यात वन्संच्या मुलीचं नाव कुठं आहे?” तो परिच्छेद नव्याने लिहावा लागला, आणि साक्षीदारांना दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवावे लागले.