आकार सरकला, बाण मागे राहिला

मोठ्या इमारतींत मजल्यामजल्यावर, बहुधा लिफ्टशेजारी, एक नकाशा लावलेला असतो. आग लागल्यास कोणत्या वाटेने बाहेर पडावे, हे त्यावरील बाण सांगतात. असे नकाशे आता बहुतेक ठिकाणी संगणकावर, आकृती काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात. समजा, कार्यालयाची अंतर्गत रचना बदलली आणि एक भिंत तीन मीटर पलीकडे गेली. नकाशातली भिंत माऊसने ओढली जाते, तिच्यासोबत दरवाजाही सरकतो. पण बाण जुन्याच जागी राहतो आणि आता तो कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत असतो. नकाशा पूर्वीइतकाच नीटनेटका दिसत असल्याने ही चूक चटकन कुणाच्या ध्यानात येत नाही.

दरवाजा भिंतीबरोबर का गेला आणि बाण का गेला नाही, या प्रश्नाच्या उत्तरातच या सॉफ्टवेअरचे मर्म आहे. ‘पेंट’सारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेषा म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांग. एकदा काढली की ती कागदावरच्या शाईसारखी. आकृतीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र रेषा ही एक नोंद असते. ती कोठून सुरू होते, कोठे संपते, तिची जाडी किती आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती कुणाला जोडलेली आहे, हे सारे त्या नोंदीत असते. व्हिजिओमध्ये दरवाजाचा आकार भिंतीवर आणून सोडला की तो भिंतीच्या दिशेने आपोआप वळतो, तिची जाडी स्वीकारतो आणि तिला चिकटतो. बाण कुणीतरी नुसताच मोकळ्या जागेत काढलेला असतो. त्याचे कुणाशीच नाते नसते.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली पीएच.डी.साठी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढायच्या, त्यांच्यावर ‘या दोन समांतर राहाव्यात’ अशा अटी घालायच्या आणि एक मूळ आकृती काढून तिच्या हव्या तितक्या नकला वापरायच्या, अशी ती सोय होती. मूळ आकृती बदलली की सगळ्या नकला बदलत. कार्यालयीन संगणकांवर हे तत्त्व रुजविण्यात व्हिजिओचा मोठा वाटा आहे. शेपवेअर या कंपनीने व्हिजिओची पहिली आवृत्ती १९९२ मध्ये बाजारात आणली आणि २००० साली हे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले.

व्हिजिओमधील प्रत्येक आकारामागे एक तक्ता दडलेला असतो. त्याला शेपशीट म्हणतात. एक्सेलच्या पानासारखेच त्यात रकाने असतात आणि रकान्यांत केवळ आकडे नव्हे तर सूत्रेही असतात. साध्या चौकोनाची रुंदी एका रकान्यात असते आणि त्याचे कोपरे कोठे पडावेत, हे त्या रुंदीवरून सूत्राने ठरते. कोपरा धरून चौकोन ओढला की प्रत्यक्षात रुंदीच्या रकान्यातील आकडा बदलतो आणि बाकीचे सारे पुन्हा मोजले जाते. जाड बाण लांब केला तरी त्याचे टोक बेढब का होत नाही, याचेही उत्तर हेच. टोकाची लांबी एकूण लांबीवर अवलंबून ठेवलेलीच नसते.

यातून एक गोष्ट निघते, जी नकाशा ‘जरा नीट दिसावा’ म्हणून आकार ओढणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. प्रमाणात काढलेल्या नकाशात आकार ओढणे म्हणजे माप बदलणे होय. ९०० मिलिमीटरचा दरवाजा शेजारच्या खिडकीशी जुळावा म्हणून थोडा रुंद केला, तर कागदावर तो तेराशे मिलिमीटरचा होतो. जागेवर मात्र तो आहे तेवढाच असतो. आकार तयार करणाऱ्यांनी यावर उपायही दिलेले आहेत. रुंदी, उंची किंवा त्यांचे परस्परप्रमाण कुलूपबंद करता येते. ‘गार्ड’ नावाच्या फलनात सूत्र गुंडाळले की माऊसच्या ओढाताणीने ते पुसले जात नाही.

आकार हवा तसा वागत नाही म्हटल्यावर अनेक जण ‘अनग्रुप’ ही आज्ञा देतात, आणि खरी मोडतोड तेथेच होते. स्टेन्सिलमधून एखादा आकार पहिल्यांदा पानावर आणला की त्याच्या साच्याची एक प्रत त्याच फाइलमध्ये जमा होते. पानावरचे आकार या साच्याच्या नकला असतात. अग्निशामक नळकांड्याचे चिन्ह चाळीस ठिकाणी वापरले असेल, तर फाइलमधील साचा उघडून एकदाच दुरुस्ती करावी. चाळीसही चिन्हे सुधारतात. एखाद्याच नकलेत केलेला बदल तिच्यापुरता राहतो. शेपशीटमध्ये असे स्थानिक बदल निळ्या अक्षरांत आणि साच्याकडून आलेले मूल्य काळ्या अक्षरांत दिसते, त्यामुळे कुठे काय बदलले आहे याचा माग काढता येतो. अनग्रुप केल्यावर मात्र साच्याशी असलेला दुवाच तुटतो. सॉफ्टवेअर तसा इशाराही देते. पण इशाऱ्याची चौकट न वाचता ‘ओके’ दाबण्याची सवय सर्वांनाच जडलेली आहे. पुढे साचा बदलला की एकोणचाळीस चिन्हे बदलतात आणि चाळिसावे जुनेच राहते.

दोन आकार एकजीव करणे, एकातून दुसरा वजा करणे, सामाईक भाग तेवढाच ठेवणे या आज्ञाही याच जातीच्या आहेत. त्यांनी मिळणारा आकार पूर्णपणे नवा असतो. रंगरूप पहिल्यांदा निवडलेल्या आकाराचे येते, पूर्वीचा साचा सुटतो. नवे चिन्ह घडविण्यासाठी या आज्ञा उत्तमच. चालू नकाशातील दुरुस्तीसाठी त्या टाळलेल्या बऱ्या.

आता बाणाकडे. व्हिजिओत साधी रेषा आणि कनेक्टर अर्थात जोडरेषा पडद्यावर सारख्याच दिसतात. फरक टोकांत असतो. जोडरेषेचे टोक आकाराला चिकटवता येते आणि निवडल्यावर ते वेगळ्या रंगात दिसते. जुन्या आवृत्त्यांत हा रंग लाल होता, २०१३च्या आवृत्तीपासून तो हिरवा आहे. चिकटविण्याचेही दोन प्रकार आहेत. संपूर्ण आकाराला चिकटवलेली रेषा, आकार हलला की सोयीची बाजू स्वतः निवडते. विशिष्ट बिंदूला चिकटवलेली रेषा त्या बिंदूलाच धरून राहते. कामकाजाच्या प्रवाह-आकृतीत पहिला प्रकार सोयीचा. बाहेर पडण्याच्या मार्गाला मात्र दुसराच हवा, कारण बाणाने दरवाजाकडेच जायला हवे, खोलीच्या जवळच्या बाजूकडे नव्हे. नाते शाबूत आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. एखादा आकार किंचित सरकवावा, कोणत्या रेषा त्याच्यामागे येतात ते पाहावे आणि लगेच बदल मागे घ्यावा. छपाईपूर्वी प्रत्येक दरवाजाची अशी परीक्षा घेण्यास फार वेळ लागत नाही.

लिबर ऑफिसच्या ‘ड्रॉ’मध्येही जोडरेषा आणि त्या चिकटविण्याचे बिंदू आहेत, आपल्याला हवे तेथे नवे बिंदूही देता येतात. तिथे ‘एफ ८’ दाबून आकाराचे बिंदू एकेक करून हलविता येतात. तयार आकार आधी वक्ररेषेत रूपांतरित केला असेल, तर त्याचे पिवळे नियंत्रक ठिपके गेलेले असतात, एवढे ध्यानात ठेवावे. ३.५ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, लिबर ऑफिस व्हिजिओच्या फाइलीही उघडते. आकार दिसतात, सूत्रे येत नाहीत. त्यामुळे अशी फाइल पाहण्यास हरकत नाही, पण तिच्यात बदल करून तीच पुढे मूळ प्रत म्हणून वापरणे धोक्याचे.

मूळ प्रतीचा प्रश्न तर अनेक ठिकाणी याहून बिकट असतो. नकाशा बनवून देणारा छापील प्रत किंवा पीडीएफ देऊन मोकळा होतो, मूळ फाइल कुणी मागून घेत नाही. दोन वर्षांनी भिंत हलते तेव्हा दुसराच कुणीतरी ती पीडीएफ पार्श्वभूमीला ठेवून वरून पांढरा चौकोन चिकटवतो आणि त्यावर नवा बाण काढतो. काम देतानाच संपादन करता येईल अशी फाइल, तिच्यातील साच्यांसह, लेखी मागून घेतली तर ही वेळ येत नाही.