एक गोळी कोलेस्टेरॉलची, एक अंगदुखीची

भिवंडीत पॉवरलूमवर १२ तास उभ्यानं पाळी काढली की पाय भरून येणारच. पन्नाशीच्या कारागिराला त्यात कोलेस्टेरॉलची गोळीही चालू असते. मेडिकलवर तो म्हणतो, ‘दुखण्याची एखादी द्या.’ दोन्ही गोळ्या पोटात गेल्या तर?

पहिली गोळी बहुधा स्टॅटिन गटातली; तिचं मूळच थक्क करणारं. जपानी संशोधक अकिरा एन्डो यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये क्योटोच्या तांदळावरच्या बुरशीत त्यांना पहिलं स्टॅटिन सापडलं! हे औषध रक्तातल्या कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. ते यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारं एन्झाइम अडवतं. तुटवडा पडलेलं यकृत मग आपल्या पेशींवर जास्तीचे रिसेप्टर उभारतं आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल स्वतःच ओढून घेतं.

मग दोन औषधांची टक्कर? सहसा नाही. भिवंडीच्या गोदामांतला काही माल अंजूरफाट्यानं निघतो, काही कल्याण रोडनं; तशीच यकृतातून निघायची औषधांची वाटही वेगळी. अॅटोर्वास्टॅटिन या स्टॅटिनची एक, दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनची दुसरी, पॅरासिटामॉलची बहुतांशी तिसरी. खरी कोंडी क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक करतं: ते अॅटोर्वास्टॅटिनचाच रस्ता अडवतं आणि औषध रक्तात साचत जातं.

टक्कर नसली तरी साध्या दुखण्याला आधी पॅरासिटामॉल. पण सर्दीच्या अनेक गोळ्यांत तेच असतं, कॉम्बिफ्लॅम या वेदनाशामकातही असतं. नकळत डोस दुप्पट झाला तर यकृतच धोक्यात येतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनानं घेऊ नका. किडनी, रक्तदाब, हृदय यांचा प्रश्न असेल तर मुळीच नाही.

आणि हृदयासाठी अॅस्पिरिनही चालू असेल तर? रक्तातल्या प्लेटलेटमध्ये एका एन्झाइमला चिंचोळा बोगदा असतो. अॅस्पिरिन त्यात शिरून ते एन्झाइम त्या प्लेटलेटच्या आयुष्यभरासाठी बंद पाडतं. आयबुप्रोफेन आधी जाऊन बसलं, तर अॅस्पिरिनला वाटच मिळत नाही. काही तासांनी आयबुप्रोफेन उठून जातं. तोवर अॅस्पिरिन रक्तातून नाहीसं झालेलं असतं. प्लेटलेट गुठळी करायला मोकळी! दोन्ही लागणार असतील तर कोणती कधी घ्यायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच: दुखणं कधी कधी स्टॅटिनमुळेच असतं. गोळी नवी असेल किंवा डोस वाढला असेल आणि दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील, तर वेदनाशामकानं ते दाबू नका, डॉक्टरांना सांगा. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू फुटून रक्तात मिसळत असू शकतात. त्याच दिवशी दवाखाना गाठा, चालू औषधांची पाकिटं सोबत घेऊन.