मातीचे पात्र, सोन्याचा करंडक

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा हे प्राचीन काळी शूर्पारक या नावाने प्रसिद्ध असलेले मोठे बंदर होते. तेथे विटामातीचे एक उंच टेकाड होते. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी या थोर संशोधकांनी १८८२ साली ते खणविले, तेव्हा तो कोट नसून बौद्ध स्तूप आहे, असे आढळून आले.

स्तूपाच्या पोटात एक गोल दगडी पेटी होती. तीत मध्यभागी तांब्याचा करंडक असून त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. तांब्याच्या करंडकात रुप्याचा, रुप्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. त्या सोन्याच्या करंडकात काय असावे? रत्ने नव्हेत, मोती नव्हेत. मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे अनुमान भगवानलालांनी केले.

मातीच्या खापऱ्यांना एवढा मान का मिळाला, हे समजण्यासाठी भिक्षूंची राहणी जाणून घेतली पाहिजे. भिक्षू स्वतः स्वयंपाक करीत नाही. सकाळी पात्र घेऊन तो दारोदार जातो, मिळेल ते अन्न स्वीकारतो आणि माध्यान्हीपूर्वी जेवतो. हे पात्र मातीचे किंवा लोखंडाचेच असावे, सोन्यारुप्याचे असू नये, असा नियम आहे. पाच ठिकाणी सांधावे लागण्याइतके ते मोडल्यावाचून भिक्षूने नवे पात्र मागू नये, असाही दंडक आहे.

दात्याच्या भांड्याला मात्र असे बंधन नाही. ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, विहारात अन्न नेण्यासाठी ‘सून-ओक’ नावाचे शोभिवंत पात्र वापरण्याची रीत आहे. बांबूच्या बारीक कामट्या विणून त्याचा सांगाडा करतात. त्यावर थित्सी नावाच्या झाडाच्या चिकाचे थरावर थर देतात. प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा लागतो. चीक वाळला की काळा होतो. लाल रंगासाठी त्यात हिंगूळ मिसळतात. काही पात्रांवर सोन्याचा वर्ख चढवितात व रंगीत काचा जडवितात. वरचे झाकण स्तूपाच्या शिखरासारखे निमुळते असते. अशा पात्रातून भात व कालवणे विहारात नेली जातात. पण अखेर तो भात भिक्षूच्या साध्या पात्रातच पडतो.

आता सोपाऱ्याच्या करंडकांचा अर्थ उलगडतो. भिक्षूने सोने नाकारले, तरी भाविकांना आपला आदर प्रकट करावयाचा होता. म्हणून त्यांनी त्याच्या पात्राला सोन्याचे करण्याऐवजी त्याच्या तुकड्यांना सोन्यात ठेविले. सोन्याचे मोल बाजारात ठरते. या खापऱ्यांचे मोल मात्र ते पात्र ज्या हातांत होते असे मानले गेले, त्या हातांमुळे ठरले.

ते करंडक व मूर्ती आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. सोपाऱ्याला स्तूपाचे अवशेषही पाहावयास मिळतात. तेथे गेल्यावर त्या विटांकडे पाहताना एवढेच आठवावे, की येथे एके काळी पाच मौल्यवान आवरणांच्या आत मातीची खापरे जपून ठेविली होती.