दुसऱ्या घरात एच

सहा घरं. दुसऱ्यात एच, शेवटच्यात एम, बाकी सगळी रिकामी. सुगावा एवढाच, की संगीतातली लय. रायपूरच्या तात्यापाऱ्यात काकांच्या ओसरीवर सकाळचा दुसरा चहा चालू होता. मी घाईनं म्हटलं, “काका, तिसऱ्या घरात ए टाकून बघा. नाहीतर आय.”

“टाकून काय बघायचं? हा काय जुगार आहे?” काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. “आधी एचला विचारायचं, बाबा रे, तुझ्या शेजारी कोण कोण राहतं?”

निवृत्तीनंतर काकांचा दिवस इंग्रजी पेपरातल्या शब्दकोड्यानं सुरू होतो. रायपुरातल्या जुन्या मराठी घरांत चालतं तसंच त्यांचं चालतं: घरात मराठी, बाजारात हिंदी, दूधवाल्याशी छत्तीसगढी. काका शिकले बूढातालाबाजवळच्या सप्रे शाळेत. ज्या मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, त्यांच्या नावाची ही शाळा. दुसऱ्याच्या भाषेत घर करायची इथल्या मराठी माणसाला सवयच आहे. काकांनी ते इंग्रजी चौकटीत केलंय, इतकंच.

एचच्या शेजाऱ्यांची यादी त्यांना तोंडपाठ. इंग्रजी शब्दात एच दुसरा असला तर पहिलं घर बहुधा सी, एस, टी, डब्ल्यू किंवा पी यांच्यापैकी कुणाचं तरी: चेअर, शिप, थिन, व्हाइट, फोन. कधीमधी घोस्टमधला जी, नाहीतर आर. “आणि के, बी, डी दिसले, की समजायचं पाहुणा आपल्याकडचा. खाकी, भांग, धोती. इंग्रजी कोशात गेले, पण एचला सोबत घेऊन.”

तेवढ्यात एका उभ्या शब्दानं चौथ्या घरात टी आणून दिला. टीच्या मागोमाग एच यायची इंग्रजीला भारी हौस, म्हणून पाचव्यात फिकट एच लिहिला. उरलं पहिलं आणि तिसरं. तिसऱ्यात मी ए, ई, आय, ओ, यू असे पाचही स्वर बसवून पाहिले, एकही बसेना. काकांनी तिथं वाय लिहिला. “पाच स्वर संपले की वायकडे जायचं. त्याचा स्वरात एक पाय, व्यंजनात एक.” मग पहिल्या घरात आर आपसूक आला. ऱ्हिदम! पाचांपैकी एकही स्वर नसलेला सहा घरांचा शब्द.

माझी अडचण कुठे होती, ते तेव्हा कळलं. मी मराठी दिवाळी अंकातल्या कोड्यांवर वाढले. तिथं एका घरात एक अख्खं अक्षर राहतं, काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षरासकट. ‘ऱ्हिदम’ला मराठीत तीन घरं पुरतात. ‘क्यू’, म्हणजे रांग, मराठीत एका घरात मावते. इंग्रजीत तिला पाच घरं लागतात, आणि त्यातली शेवटची चार उच्चारात काही नवं सांगतही नाहीत. उलट ‘स्ट्रेंग्थ’मध्ये आठ घरांत स्वर एकच. आपण कानानं मोजतो, इंग्रजी कोडं डोळ्यांनी मोजायला लावतं.

म्हणून काका शब्द मनात म्हणून बघत नाहीत. विस्कटलेली अक्षरं जुळवायची असली, की ती पेपरच्या समासात गोल मांडतात. ओळीत लिहिलेली अक्षरं डोळ्याला त्याच क्रमात धरून ठेवतात. गोलाला सुरुवात नसते, त्यामुळे नजर कुठूनही शिरते. एल, आय, एस, टी, ई, एन अशी सहा अक्षरं त्यांनी वर्तुळात लिहिली आणि मला सोडून दिलं. लिसन, सायलेंट, एनलिस्ट, टिन्सेल. चार मिळाले. पाचवा, इनलेट्स, त्यांनी चहा संपता संपता सांगितला.

या खेळामागचं गणित जुनं आहे. 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचं पहिलं शब्दकोडं छापून आलं. पुढे 1930च्या दशकात आल्फ्रेड बट्स नावाच्या बेकार झालेल्या वास्तुविशारदानं वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून काढली आणि त्या मोजणीवर स्क्रॅबल उभं केलं. शंभर सोंगट्यांत ई तब्बल बारा, किंमत प्रत्येकी एक. क्यू आणि झेड एकेकच, किंमत दहा. जो उठसूट भेटतो तो स्वस्त, जो क्वचित येतो तो महाग. कोडं सोडवणाऱ्याला मात्र हा महागडा पाहुणाच उपयोगी. ई सापडला तर हजारो शब्द उरतात. क्यू सापडला की बहुतेक वेळा पुढचं घर यूचं, आणि शक्यता मूठभर.

माझा भाचा मोबाइलवर पाच अक्षरांचं वर्डल खेळतो. त्या दिवशी त्याची गाडी अडली होती. शेवटची चार घरं आय, जी, एच, टी अशी पक्की, पहिलं रिकामं. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, शिवाय आठ या अर्थाचा एट. नेहमीच्या वापरातलेच आठ झाले, आणि हातात प्रयत्न तीन. तो एकेक करून बघणार, तोच काकांनी हात धरला. “आठ दारं वाजवत फिरू नको. फिल्म्स लिही.”

“आजोबा, पण फिल्म्स उत्तर नाहीच!”

“उत्तर नाही, चौकशी आहे. एफ, एल, एम, एस, चौघांची एकदम.” चौघंही नाहीत असं आलं. मग ‘इनर’ लिहायला लावून त्यांनी एन, ई आणि आर तपासले. तेही नाहीत. म्हणजे टाइट. तिसऱ्या प्रयत्नात सुटलं. भाचा म्हणाला, “हे तर कॉम्प्युटरसारखं झालं.” काकांना ते फारसं आवडलं नाही. कॉम्प्युटर शब्दातली अक्षरं वर्णानुक्रमे लावून ठेवतो. लिसन आणि सायलेंट दोन्हींची खूण मग एकच होते, आणि यादी क्षणात हजर. “यादी देतो तो,” काका म्हणाले. “शेजार नाही सांगत.”

परवा मी एकटीनं एक शब्द सोडवला. आठ घरं, सापाचा वैरी. पाचव्या-सहाव्या घरात ओ-ओ, शेवटी ई. डबल ओनंतर ई शेवटी म्हणजे मधे एकच घर. लूस, चूझ, गूस. गूस म्हणजे तर हंसाच्या जातीचा पक्षी. तो सापाशी कुठे भांडतो? पण चौथ्यात जी टाकला, तिसऱ्यात एन, आणि मला हसूच आलं. मुंगूस! इंग्रजी कोश या शब्दाचं मूळ मराठीच सांगतात. साहेबाच्या कानाला शेवटी ओळखीचा गूस ऐकू आला असावा, म्हणून स्पेलिंगही तसंच.

पेपर काकांपुढे सरकवला. त्यांनी आठही घरं पेन्सिलीच्या टोकानं मोजली, मग डाव्या हाताच्या बोटांवर हळूच म्हणून पाहिलं: मुं, गू, स.

“तीन,” ते म्हणाले. “आपल्याकडे असताना तीन घरांतच राहायचं की गं हे.”