वाळवंटात वाळू किती?

मराठी माणसाचं पहिलं वाळवंट चंद्रभागेकाठचं. टाळ-मृदंग, ओली पावलं आणि हाकेच्या अंतरावर पाणी. दुसरं भेटतं भूगोलाच्या पुस्तकात, उंटासकट. शब्दातच वाळू असल्यामुळे डोळ्यांसमोर वाळूच येते. पण सहाराचंच बघा: 90 लाख चौरस किलोमीटरहून मोठा पसारा आणि त्यात वाळू जेमतेम पाव हिस्सा! बाकी सगळे गोटे, खडी, उघडे कातळ आणि डोंगर. तिथलं सर्वांत उंच शिखर, चाड देशातलं एमी कूसी, तर चक्क ज्वालामुखी आहे.

जगातलं सर्वांत मोठं वाळवंट? अंटार्क्टिका. वर्षाला 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस किंवा बर्फ पडतो ते वाळवंट, असा साधा हिशेब आहे. उन्हाचा त्यात संबंध नाही.

आता थोडं वाऱ्याच्या हस्तकलेविषयी. वारा बहुतेक एकाच दिशेने वाहत असेल आणि वाळू बेताची असेल, तर चंद्रकोरीसारखी बारखाण टेकडी तयार होते. तिची दोन्ही टोकं वाऱ्यासोबत पुढे पळतात, कारण कडेला वाळू कमी आणि कमी वाळू लवकर सरकते. आपल्या थरच्या वाळवंटात मात्र नेमकं उलटं चित्र फार दिसतं: टोकं मागे, पोट पुढे. तिथे झुडपं टोकांची वाळू धरून ठेवतात आणि मधली वाळू वाऱ्याबरोबर पुढे जाते. टेकडीचा नुसता आकार बघून तिथे हिरवळ आहे का, हे ओळखता येतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आणि वारा चारी बाजूंनी आला तर? मग चांदणीसारखे हात फुटलेली टेकडी उभी राहते. ती सरकत नाही, उंच होत जाते. चीनच्या बादाइन जारान वाळवंटात वाळूचे डोंगर 300 मीटरच्याही वर गेलेत, म्हणजे कुतुबमिनाराच्या चौपटीहून जास्त. त्यांच्या पायथ्याशी शंभराहून अधिक तळी आहेत, भूजलावर जगणारी.

इजिप्तमध्ये फराफ्राजवळच्या पांढऱ्या वाळवंटात अळंबीच्या आकाराचे खडक आहेत. पाठ्यपुस्तकातला ‘भूछत्र खडक’ तो हाच. वाऱ्याने उचललेले वाळूचे कण फार उंच जात नाहीत, बेडकासारखे टुणटुण उड्या मारत जमिनीलगतच पळतात. त्यामुळे खडक खालून जास्त घासला जातो, मान बारीक होते आणि वर टोपी उरते. हा खडक खडूचा आहे, म्हणजे एकेकाळचा समुद्राचा तळ.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्समधली वाळू पांढरीशुभ्र, कारण ती जिप्समची आहे. ज्यापासून गणपतीच्या मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस बनतं, तेच जिप्सम. ते पाण्यात विरघळतं, म्हणून एरवी नद्या ते समुद्रात वाहून नेतात. इथल्या खोऱ्यातून पाण्याला बाहेर वाटच नाही, म्हणून ते साचलं. भर उन्हातही ही वाळू पायाला चटका देत नाही.

शेवटी माझा लाडका किस्सा. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत रेसट्रॅक प्लाया नावाचं सुकलेल्या तळ्याचं सपाट मैदान आहे. त्यावर धोंडे पडलेले, काहींचं वजन शंभर किलोंच्याही वर, आणि प्रत्येकामागे सरकल्याची लांब खूण. त्यांना सरकताना कुणीच पाहिलं नव्हतं. अनेक दशकं तर्क लढवले गेले. अखेर संशोधकांनी दगडांना जीपीएस बसवले आणि 2013च्या डिसेंबरमध्ये ते दृश्य डोळ्यांनी पाहिलं. पावसाचं उथळ पाणी रात्री गोठतं. सकाळी उन्हाने तो काही मिलिमीटर जाडीचा बर्फ तडकतो आणि हलका वारा त्याचे मोठाले पापुद्रे ढकलू लागतो. पापुद्रे दगडाला रेटतात, आणि दगड ओल्या चिखलावरून मिनिटाला दोन-चार मीटर या बेताने निघतो. मग बर्फ वितळतो, पाणी आटतं, चिखल वाळून भेगाळतो. मागे राहतो एक दगड आणि त्याने ओढलेली रेघ.