सर्वांत मागे राहणारा

आषाढातल्या रविवारी पहाटे डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या नाक्यावर दहा-बारा मोटारसायकली एकत्र उभ्या असलेल्या दिसतात. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या पिशव्या पाठीवर चढतात आणि शहाड, म्हारळ, गोवेली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशी मजल मारीत माळशेज घाटाचा रस्ता धरला जातो. आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या दारात एका पायावर उभा राहणारा तरुण सातव्या दिवशी आपल्या मर्जीने वळतो, आपल्या मर्जीने थांबतो. या हौसेला उधळेपणा म्हणणारे वडीलधारे पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखक त्यांच्यात नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. ही मंडळी घरून निघतात एकत्र. घाट लागला की मात्र जो तो एकटा होतो. पुढचा आपल्याच धुंदीत, मधले त्याला गाठण्याच्या ईर्षेत, आणि सर्वांत नवशिका, ज्याला सोबतीची खरी गरज, तो धुक्यात कुठेतरी मागे. या घाटाजवळच सातवाहनकाळापासूनचा नाणेघाट आहे. तिथला दगडी रांजण जकातीचा असल्याचे सांगतात. त्या वाटेने माल घेऊन चढणाऱ्या तांड्याला ओझ्याखाली दमलेल्या जनावराच्या चालीनेच चालावे लागत असणार. आमच्या तांड्याची चाल मात्र सर्वांत जोरकस यंत्र ठरविते.

वळणाचे गणित कोणाच्या हौसेखातर बदलत नाही. वेग दुप्पट झाला की त्याच वळणावर गाडी रस्त्यावर राखण्यासाठी टायरची पकड चौपट लागते, आणि ओल्या रस्त्यावर नेमकी तीच कमी झालेली असते. त्यातून डोंगरावरून वाहून आलेली माती आणि ट्रकमधून ठिबकलेले तेल. म्हणून वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, वळणात शिरल्यावर नव्हे. उतारावर खालचा गिअर ठेवून इंजिनालाच गाडी आवरू द्यावी. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. चिंचोळ्या घाटरस्त्यावर चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यावी, असा नियमच आहे. परंतु वळणावर समोरून येणाऱ्या लांबलचक ट्रकला अर्ध्याहून अधिक रस्ता लागतो, हे पुढच्याच्या मागच्या दिव्यावर नजर खिळवून धावणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. तरी ते हातात अडकवून घाट चढणारे महाभाग आजही भेटतात!

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत मी मागच्या आसनावर बसून गेलो होतो. माथ्यावरच्या चहाच्या टपरीशी मोजदाद झाली, तेव्हा एक गाडी कमी भरली. अगोदर थट्टा झाली, मग फोन लागेना, मग सगळे गप्प झाले. परत उतरताना चौथ्या की पाचव्या वळणावर तो सापडला. नुकताच परवाना मिळालेला मुलगा. चिखलावर चाक सरकून पडलेला, गुडघा सोललेला, एरवी धड. आपला ट्रक आडवा लावून आणि रस्त्यावर झाडाची फांदी टाकून एका ट्रकचालकाने त्याला राखले होते. त्याने आम्हांला एवढेच विचारले, "ह्याच्या मागं तुमच्यातलं कोण होतं?"

कोणापाशीच उत्तर नव्हते.

पावसाळ्यात धबधब्यांवर गर्दी वाढली की प्रशासन मनाईचे आदेश काढते. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही, पण आदेश फार तर नाक्यावर अडवील. कोणी कोणाच्या मागे राहावे, हे ठरविण्याचे काम टोळीचेच.

परतताना आमचा क्रम बदलला. तो मुलगा म्होरक्याच्या लगेच मागे, आणि सर्वांत मुरलेला चालक शेवटी. दर मोठ्या वळणानंतर पुढच्याने थांबायचे, मागचा दिवा दिसला की निघायचे. ज्यांना हे रटाळ वाटले, त्यांनी तसे बोलूनही दाखविले. मुरबाडला अंधार पडला. कल्याणच्या पत्रीपुलापाशी सगळी रांग पाऊस अंगावर घेत शेवटच्या गाडीसाठी उभी राहिली, ती आली, आणि मग आम्ही डोंबिवलीकडे वळलो.